घरचं नेट बंद पडलं? आधी पाणी कुठं अडलं ते पाहा

आमच्या गावात फायबर आलं तसं एकेक घर जोडत गेलं. आता पोट्ट्यांचे कॉलेजचे फॉर्म, महाडीबीटी, सातबारा, कोणाचं पुण्याच्या कंपनीचं घरून काम, सगळं त्या एका बारीक वायरीवर चालून राह्यलं. आणि मंग एक दिवस लॅपटॉपवर ते गोल नुसतं फिरत राहते, काहीच उघडत नाही, घरातले सगळे एकदम सांगायला लागतात की हे बंद कर, ते चालू कर, ते मागचं बटन दाब, आणि अर्ध्या तासात जे थोडंसं बिघडलं होतं ते पूर्ण बिघडून बसते. नात्यागोत्यात आणि शेजारीपाजारी मी असे कितीतरी लॅपटॉप पाहिलेत. "सकायपासून नेट बंद हाये रे बाप्पा, पाय बरं जरा" असा फोन आला की मी पहिले एकच विचारतो, की नेमकं कुठं बंद आहे?

कारण बघा, ओलीत करताना वावरातल्या शेवटच्या ओळीला पाणी पोचलं नाही तर आपण काही लगेच विहीर खोदायला घेत नाही. आधी मोटर चालू आहे का ते ऐकतो, मंग पाइप कुठं फुटला का ते पाहत जातो, मंग व्हॉल्व्ह, मंग ठिबकच्या नळीत कचरा अडकला का. नेटचं अगदी तसंच आहे. कंपनीचं तालुक्यातलं किंवा जिल्ह्यातलं ऑफिस म्हणजे विहीर, खांबाखांबावरून आलेली फायबर म्हणजे मेन पाइप, घरातला राउटर म्हणजे व्हॉल्व्ह, वायफाय म्हणजे नळी आणि लॅपटॉप म्हणजे झाड. पाणी या पाचपैकी कुठंतरी अडलेलं असते आणि ते कुठं अडलं हे शोधायला दहा मिनिटं पुरतात, त्यासाठी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला असणं जरुरी नाही. दुरुस्ती नंतर, आधी जागा शोधायची, बस एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

पहिली पायरी : नेट बंद आहे की एकच साइट बंद आहे

हे सगळ्यात सोपं आणि हेच सगळे विसरतात. योजनेच्या शेवटच्या तारखेला सरकारी साइटवर सगळा महाराष्ट्र एकदम तुटून पडतो, साइट उघडत नाही, आणि आपण घरचा राउटर बडवत बसतो. दुसरी कोणतीही साइट उघडून पाहा, यूट्यूब लावून पाहा, हवामान पाहा. ते चालत असेल तर तुमचं नेट ठणठणीत आहे, फॉर्म रात्री अकरा नंतर किंवा पहाटे भरा, उगाच वायरींना हात लावू नका.

आणि आणखी एक, रिचार्ज. प्लॅनची तारीख संपलेली असली तरी वायफायचं चिन्ह पूर्ण दिसते, राउटरचे बहुतेक लाइटही लागलेले असतात, फक्त पुढं काही जात नाही. बऱ्याच प्लॅनमधे महिन्याच्या ठरलेल्या जीबीनंतर स्पीड एकदम खाली येते, ते पण बिघाड म्हणूनच दिसते. कंपनीच्या अ‍ॅपमधे मोबाइल डेटावर एकदा पाहून घ्या.

दुसरी पायरी : मोबाइलवर तपासा, पण सिमचा डेटा बंद करून

लॅपटॉपवर नेट नाही, मंग त्याच वायफायवर मोबाइल लावून पाहायचा. मोबाइलवर चालते आणि लॅपटॉपवर चालत नाही, तर दोष लॅपटॉपचा. दोन्हीवर चालत नाही, तर दोष राउटरचा किंवा त्याच्या मागचा. अर्धं काम इथंच झालं.

पण इथं एक मोठी फसगत होते, ती नीट समजून घ्या. मोबाइल लय हुशार असतो, वायफायमधे नेट नाही असं दिसलं की तो गुपचूप सिमच्या डेटावर जातो आणि वरती चिन्ह मात्र वायफायचं पण दिसत राहते. आपण म्हणतो मोबाइलवर तर चालते, लॅपटॉपच खराब आहे. माझ्या मावशीकडं असंच झालं होतं, लॅपटॉप तालुक्याच्या दुकानात नेला, विंडोज नवीन टाकून घेतली, त्यात पोराचे सगळे प्रोजेक्टचे फोटो गेले, आणि घरी आणल्यावर नेट तसंच बंद, कारण फायबर तुटलेली होती. म्हणून तपासताना मोबाइलचा मोबाइल डेटा आधी बंद करा, मंग वायफायवर काहीतरी नवीन उघडा, आधी पाहिलेलं पान नाही, ते साठवलेलं असते.

याच्या उलट तपासणी पण करून टाका. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा आणि लॅपटॉप त्याला जोडा. हॉटस्पॉटवर लॅपटॉप मस्त चालला तर लॅपटॉप बहुतेक निर्दोष आहे, फार तर त्यात घरच्या वायफायचा पासवर्ड किंवा सेटिंग चुकली असेल. हॉटस्पॉटचं नाव लॅपटॉपवर दिसतच नसेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमधे बँड (वायफायची लहर) २.४ गीगाहर्ट्झ करून पाहा, जुन्या लॅपटॉपना ५ गीगाहर्ट्झ दिसत नाही.

तिसरी पायरी : राउटरचे लाइट वाचायला शिका

दोन्हीवर बंद निघालं तर आता डब्ब्याकडं जायचं. फायबरच्या डब्ब्यावर चार-पाच लाइट असतात, प्रत्येकाखाली इंग्रजीत बारीक लिहिलेलं असते. कंपनीप्रमाणं थोडाफार फरक असतो, पण मुख्य हेच.

पॉवर, म्हणजे वीज आली. हा लाइट नसेल तर अ‍ॅडॉप्टर, बोर्ड, खटका पाहा. पॉन, हा हिरवा आणि स्थिर पाहिजे, म्हणजे तुमचा डब्बा कंपनीच्या मशीनशी बोलून राह्यला. पॉन लुकलुकत असेल तर बोलणं जमत नाहीये. लॉस, हा लाल दिवा, हा बंद असलेलाच चांगला. लॉस लाल लुकलुकला म्हणजे फायबरमधून उजेडच येत नाही, मेन पाइप फुटला. इंटरनेट नावाचा किंवा पृथ्वीच्या चित्राचा लाइट, हा हिरवा असेल तर कंपनीनं तुमचं लॉगिन घेतलं. पॉन हिरवा पण इंटरनेटचा लाइट लाल किंवा बंद, असं असेल तर तुमची वायर चांगली आहे, रिचार्ज, लॉगिन किंवा कंपनीकडचा दोष आहे.

नेट चांगलं चालू असतानाच आज राउटरच्या लाइटांचा एक फोटो काढून ठेवा. बंद पडल्यावर त्या फोटोशी ताडून पाहता येते, कोणता लाइट पाठ करायची गरज नाही.

लॉस लाल असेल तर घरात जेवढं पाहता येते तेवढं पाहा. डब्ब्याच्या मागं किंवा खाली एक बारीक पिवळी किंवा पांढरी वायर येते, तिच्या टोकाला हिरवी किंवा निळी पिन असते. ती पिन अर्धवट निघाली का, आलमारी सरकवताना वायर दाबल्या गेली का, उंदरानं कुरतडली का. फायबरच्या आत केसासारखी काच असते, तांब्याच्या तारेसारखी ती वळत नाही, तिला जास्त घट्ट घडी पडली तरी आतला उजेड बाहेर सांडतो आणि नेट मंद होते किंवा जाते. म्हणून तिची गुंडाळी करायचीच तर निदान चहाच्या बशीएवढी मोठी करा, खिळ्याला गाठ मारून बांधू नका. आणि तुटलेली फायबर जोडायला इलेक्ट्रिकची टेप लावू नका, ते होत नाही, त्यासाठी स्प्लायसिंगची मशीन लागते. पिन काढून तिच्यात डोळा लावून पाहायचं तर अजिबात नाही, त्यातला उजेड डोळ्याला दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो, लेकरांना पण सांगून ठेवा.

घराबाहेर मात्र आपल्याकडची कारणं ठरलेली आहेत. वानरं वायरीवरून झुलतात, पांदण रस्त्याच्या कामात जेसीबीच्या तोंडात केबल येते, नळाच्या पाइपलाइनसाठी नाली खोदतात त्यात कापल्या जाते, उंच ऊस किंवा तणसाची गाडी खालून जाताना वायर ओढते. गच्चीवरून किंवा अंगणातून नजर टाका, वायर लोंबकळलेली दिसली तर कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत ते पाहून ठेवा. शेजाऱ्याला विचारा त्याचं चालू आहे का. त्याचंही बंद असेल तर फायबर मागंच कुठंतरी तुटली आहे. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ मधे मंजूर झाली, तिलाच पुढं भारतनेट नाव पडलं, आणि या अशा लायनी कैक मैल शेतांच्या कडेनं येतात, एका ठिकाणी कापली की मागची गावंच्या गावं बंद होतात. तेव्हा तुमच्या घरात काही करून उपयोग नाही.

चौथी पायरी : बंद-चालू, पण नीट

लॉस लाल नसेल तर राउटर एकदा बंद करून चालू करा. हे सगळे करतात, पण खटका टक टक करून दोन सेकंदात चालू करतात. तसं नाही. खटका बंद करा, तीस सेकंद थांबा, मंग चालू करा आणि चहा ठेवा, तीन मिनिटं त्याला हात लावू नका, त्याला कंपनीच्या मशीनला पुन्हा ओळख द्यावी लागते.

लॅपटॉपपण रिस्टार्ट करा, आणि इथं नीट लक्ष द्या, शटडाउन करून चालू करणं आणि रिस्टार्ट करणं हे विंडोजमधे वेगळं आहे. फास्ट स्टार्टअप नावाची सोय चालू असते, त्यामुळं शटडाउन केल्यावर लॅपटॉप आतली बरीचशी माहिती जपून ठेवतो आणि सकाळी तीच उचलतो, अडकलेलं तसंच अडकून राहते. रिस्टार्टनं सगळं नव्यानं सुरू होते.

आता सगळ्यात कळकळीची गोष्ट. राउटरच्या मागं एक बारीक छिद्र असते, त्यात सुई किंवा सिमची पिन घालून दाबायचं बटन असते, त्याला रिसेट म्हणतात. त्याला हात लावू नका. रिसेट म्हणजे रिस्टार्ट नाही. कंपनीनं तुमच्या घरी येऊन जे युजरनेम, पासवर्ड आणि लाइनची सेटिंग भरलेली असते ते सगळं त्या बटनानं पुसल्या जाऊ शकते आणि डब्बा दुकानातून आणल्यासारखा कोरा होतो. माझ्या काकूच्या घरी पाहुण्यानं व्हिडिओ पाहून ते दाबलं. साधं बंद-चालू करून सुटण्यासारखं होतं, पण मंग फायबरवाला येईपर्यंत तीन दिवस गेले, आणि त्याच तीन दिवसात पोरीच्या सीईटीच्या कॉलेज पसंतीचा फॉर्म होता, ती मैत्रिणीच्या गावी जाऊन भरून आली. बटन दाबायचंच असेल तर आधी कंपनीवाल्याकडून युजरनेम-पासवर्ड लिहून घेतलेला पाहिजे, तेव्हाच.

पाचवी पायरी : दोष लॅपटॉपचा निघाला तर

मोबाइलवर सिम डेटा बंद ठेवूनही वायफाय चालते आणि लॅपटॉपच रुसला, तर आता लॅपटॉप.

आधी वायफाय चालूच आहे का ते. खाली उजव्या कोपऱ्यात चिन्हावर क्लिक करा, विमानाचं चित्र दिसलं म्हणजे एअरप्लेन मोड लागलाय. बरेचदा की-बोर्डच्या वरच्या रांगेत अँटेनाचं किंवा विमानाचं बटन असते, लेकरू बसलं की ते दाबल्या जाते. काही जुन्या लॅपटॉपला बाजूनं सरकवायचा छोटा खटका पण असतो.

वायफाय दिसते पण पासवर्ड घेत नाही, तर नेटवर्कच्या नावावर जाऊन फरगेट करा आणि पासवर्ड पुन्हा टाका. कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं धरल्या जाते, शून्य आणि ओ मधे गल्लत होते, पासवर्ड भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेला असला की हमखास. डोळ्याचं चित्र दाबून काय टाकलं ते पाहून घ्या.

वायफायला जोडल्या जाते पण "नो इंटरनेट" लिहून येते, तर लॅपटॉपचा पत्ता पाहा. सेटिंग्ज, मंग नेटवर्क अँड इंटरनेट, मंग वायफाय, मंग तुमच्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज. तिथं खाली आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस असतो. तो १९२.१६८ नं सुरू होत असेल तर राउटरनं पत्ता दिला, ठीक आहे, काही राउटर १० नं सुरू होणारा पण देतात. पण १६९.२५४ नं सुरू झाला तर समजा राउटरनं पत्ता दिलाच नाही आणि लॅपटॉपनं आपल्या मनानं एक कामचलाऊ पत्ता घेतला, म्हणजे नळी व्हॉल्व्हला लागलीच नाही. राउटर आणि लॅपटॉप दोन्ही रिस्टार्ट करा. तरी तोच राह्यला तर त्याच पानावर आयपी असाइनमेंट ऑटोमॅटिक आहे का पाहा, मागं कोणी हातानं आकडे भरून ठेवले असतील तर ते बदलून ऑटोमॅटिक करा.

पत्ता बरोबर आहे तरी काही उघडत नाही, मंग पिंग करून पाहायचं, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येते का ते पाहायचं. याला लोक उगाच घाबरतात. स्टार्टमधे इंग्रजीत सी, एम, डी टाइप करून एंटर मारा, काळी खिडकी उघडते. त्यात पी, आय, एन, जी ही चार अक्षरं सलग, एक जागा सोडून १९२.१६८.१.१ हे इंग्रजी आकड्यात टाका, एंटर. हा बऱ्याच राउटरचा पत्ता असतो, तुमचा वेगळा असेल तर राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर लिहिलेला सापडते. "रिप्लाय" आलं तर राउटरपर्यंत पाणी पोचते. मंग तसंच पिंग ८.८.८.८ करा, हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता आहे. इथूनही रिप्लाय आला तर बाहेरच्या दुनियेपर्यंत पाणी पोचून राह्यलं, आणि तरी साइट उघडत नाही म्हणजे दोष डीएनएसचा.

डीएनएस म्हणजे काय, तर साइटचं नाव घेऊन तिचा आकड्यातला पत्ता सांगणारा माणूस. कोतवालाला घर माहीत असते ना, तसं. कोतवालच सुट्टीवर गेला तर रस्ता चांगला असूनही पाहुणा घरी पोचत नाही. दुसरा कोतवाल लावून द्या: त्याच वायफायच्या हार्डवेअर प्रॉपर्टीजमधे डीएनएस सर्व्हर असाइनमेंटच्या पुढं एडिट, मंग मॅन्युअल, आयपीव्ही४ चालू, पहिल्या खान्यात ८.८.८.८ आणि दुसऱ्यात १.१.१.१, आणि सेव्ह. पहिला गूगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा, दोन्ही फुकट आहेत. मी आमच्या घरी हे केलं तेव्हापासून सकाळी सकाळी पानं अडकायची ती अडकत नाहीत.

वेळ आणि तारीख पण पाहा. लॅपटॉप उन्हाळाभर पेटीत पडून राह्यला, आतला बटनसेल कमजोर झाला की तारीख तीन-चार वर्षं मागं जाते. आणि तारीख चुकली की बँकेची, सरकारची, सगळ्याच सुरक्षित साइट "युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" असं लाल पान दाखवतात, कारण साइटचं प्रमाणपत्र कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालते ते लॅपटॉप आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. तारीख बरोबर केली की सगळं एका सेकंदात सुरळीत. दर वेळी तारीख मागं जात असेल तर दुकानदाराला सांगून तो सेल बदलून घ्या, बऱ्याच लॅपटॉपमधे सीआर २०३२ नावाचा रुपयासारखा गोल सेल असतो, स्वस्त असतो.

कोणी फुकटचं व्हीपीएन (नेट दुसऱ्याच रस्त्यानं फिरवणारं सॉफ्टवेअर) किंवा एखादं जुनं मुदत संपलेलं अँटिव्हायरस टाकून ठेवलं असेल तर ते काढा, आणि सेटिंग्जमधल्या नेटवर्कच्या पानावर प्रॉक्सी (नेट मधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेणं) नावाचा भाग आहे, तिथं "यूज अ प्रॉक्सी सर्व्हर" बंद असलेलं पाहिजे.

वायफायचं बटनच सेटिंगमधून गायब झालं असेल तर तो ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला वायफायचा भाग चालवायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचा विषय. स्टार्टच्या चिन्हावर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, त्यात नेटवर्क अडॉप्टर्स. वायरलेस किंवा वायफाय लिहिलेल्या ओळीवर पिवळं चिन्ह दिसलं तर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल डिव्हाइस करा, तिथं ड्रायव्हर पण पुसू का असं विचारणारा चौकोन असतो त्याला टिक करू नका, आणि लॅपटॉप रिस्टार्ट करा, विंडोज ते परत लावून घेते. आणि नवीन विंडोज टाकल्यावर ड्रायव्हरच नाही, ड्रायव्हर उतरवायला नेट नाही, नेटला ड्रायव्हर नाही, अशा फेऱ्यात बरेच जण अडकतात, त्याची सोपी सुटका म्हणजे मोबाइल चार्जिंगच्या वायरीनं लॅपटॉपला लावायचा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमधे यूएसबी टेदरिंग चालू करायचं. वायफायच्या ड्रायव्हरशिवायच लॅपटॉपवर नेट येते, मंग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून घ्या. माझ्या भाच्याची ऑनलाइन परीक्षा याच युक्तीवर निघाली.

लॅपटॉप थोडा वेळ ठेवला की वायफाय तुटते आणि पुन्हा जोडावं लागते, असं असेल तर त्याच वायफायच्या ओळीवर डबल क्लिक करून पॉवर मॅनेजमेंटमधे वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्यायचं की नाही असं विचारलेलं असते, ती टिक काढून टाका. हे पान सगळ्याच लॅपटॉपमधे नसते.

हे सगळं करून झालं तरच शेवटी नेटवर्क रिसेट. विंडोज ११ मधे नेटवर्क अँड इंटरनेटच्या खाली अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमधे सापडते. हे लॅपटॉपचं रिसेट, राउटरचं नव्हे. यात साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात, म्हणून ते आधी लिहून घ्या. फोटो, फाइली जात नाहीत.

नेट चालू आहे पण रडतखडत चालते

हा आपल्याकडचा खरा रोग. बिघाड नाही, पण व्हिडिओ कॉल तुटतो, मीटिंगमधे चेहरा गोठतो. आधी एक समजून घ्या, प्लॅनमधे ४० एमबीपीएस लिहिलेलं असते ते मेगाबिट असते, आणि फाइल मेगाबाइटमधे मोजतात, एका बाइटमधे ८ बिट. म्हणजे ४० चा प्लॅन असला तर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त ५ एमबीच्या आसपास उतरणार, यात कंपनीनं फसवलं नाही.

राउटरच्या शेजारी लॅपटॉप नेऊन स्पीड पाहा, मंग आपल्या नेहमीच्या खोलीत पाहा. शेजारी चांगली आणि खोलीत खराब, तर दोष जागेचा. आपली जुनी घरं, मातीच्या हातभर जाड भिंती, वरून टिनाचे पत्रे, मधल्या खोलीत धान्याच्या लोखंडी कोठ्या, यातून वायफाय फार लांब जात नाही. लोखंड सिग्नल परतवते आणि पाणी तो पिऊन टाकते. म्हणून उन्हाळ्यात एक मजेशीर वाटणारी तक्रार ऐकू येते, की एप्रिलपासून नेट मंद होते. माझ्या मामाकडं शोधलं तेव्हा राउटर आणि बैठकीच्या मधे मोठा लोखंडी कूलर आला होता, आत टाकीभर पाणी आणि ओली खस. राउटर दुसऱ्या भिंतीला उंचावर लावला, त्याच दिवशी फरक पडला. राउटर कूलरच्या हवेत पण ठेवू नका, ओल जाते, आणि टिनाच्या अगदी खाली पण नको. घरगुती राउटर बहुतेक ४० अंशापर्यंतच्या गरमीसाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूरकडं बाहेरच ४५ होते, टिनाखाली तर त्याहून जास्त. दुपारी दोन ते पाच नेट तुटते आणि रात्री मस्त चालते असं असेल तर गरमीवर पहिला संशय घ्या. राउटरवर विणलेला रुमाल झाकून ठेवायची पद्धत आहे, धूळ बसू नये म्हणून, तो रुमाल काढा.

राउटर दोन नावं दाखवते, एक साधं आणि एकाच्या पुढं फाइव्ह-जी. याचा मोबाइलच्या ५जी शी काही संबंध नाही, ते ५ गीगाहर्ट्झ आहे. ते वेगवान असते पण भिंत आली की लवकर मरते. राउटर असलेल्याच खोलीत बसत असाल तर ते लावा, दोन भिंतीपलीकडं बसत असाल तर साधं २.४ वालं.

रोज घरून काम करणाऱ्याला माझं एकच सांगणं, लॅनची वायर टाका, म्हणजे राउटरपासून थेट लॅपटॉपपर्यंतची वायर. कॅट-६ वायर १०० मीटरपर्यंत चालते, कोठ्यापलीकडच्या खोलीतही पोचते, आणि वायफायचे सगळे नखरे संपतात.

वीज आणि आभाळातल्या विजा

लाइन गेली की नेट जाते आणि लाइन येताना जो झटका येतो त्यात अ‍ॅडॉप्टर जळतो. राउटर बहुतेक १२ व्होल्टवर चालते, त्यासाठी छोटा राउटर यूपीएस मिळते, ते लावलं की दोन-तीन तासाच्या लोडशेडिंगमधे पण मीटिंग सुटत नाही, फक्त घेताना आपल्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अ‍ॅम्पियर वाचून तेवढ्याचाच घ्या. वाटेल तो सेटटॉप बॉक्सचा चार्जर राउटरला लावू नका, पिन बसली म्हणजे व्होल्ट जुळले असं नाही.

मृगाच्या आधीपासून विजा सुरू होतात. आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू व्हायच्या आधीच, राउटरचा अ‍ॅडॉप्टर बोर्डातून काढून टाका, लॅपटॉपचा चार्जर काढा आणि लॅनची वायरही दोन्हीकडून काढा. काचेतून वीज जात नाही हे खरं, पण खांबावरून येणाऱ्या फायबरच्या वायरीत आधाराला पोलादी तार असते आणि बोर्डातून तर थेट रस्ता आहेच. खटका बंद करून भागत नाही, पिन बाहेर काढा.

तक्रार करायची तर

दोष तुमच्या घराबाहेरचा आहे हे आता तुम्हाला नक्की माहीत आहे, मंग फोनवर "नेट बंद आहे" एवढंच सांगू नका. "लॉस लाल लुकलुकते, सकाळी सातपासून, शेजारचं पण बंद आहे, शाळेजवळच्या खांबापासून वायर लोंबली आहे" असं सांगा. फायबरवाला पोरगा अख्ख्या सर्कलच्या गावांत एकटाच फिरत असते, नेमकं कळलं तर तो बरोबर सामान घेऊन येतो, नाहीतर पहिली चक्कर नुसती पाहण्यात जाते.

तक्रार अ‍ॅपवर किंवा हेल्पलाइनवर नोंदवाच, नुसतं ओळखीनं सांगून ठेवू नका. नोंदवली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मेसेजमधे येतो, तो मेसेज खोडू नका. मुदतीत काम झालं नाही किंवा न करताच तक्रार बंद केली, तर ट्रायच्या (फोन-नेट कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०१२ च्या नियमांप्रमाणं त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडं, म्हणजे तक्रारीच्या वरच्या पायरीकडं, अपील करता येते, त्याला पैसे लागत नाहीत, पण डॉकेट नंबर लागतो.

हेल्पलाइनचा नंबर गूगलवर शोधून लावू नका. तिथं चोरट्यांनी आपले नंबर कंपनीच्या नावानं टाकलेले असतात, ते गोड बोलून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावतात, आणि दहा रुपये भरून तक्रार नोंदवा म्हणतात, की खातं साफ. नेट दुरुस्त करायला ओटीपी लागत नाही, कधीच नाही. कोणाचे पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायचा, उशीर झाला की पैसे पुढं पुढं सरकत जातात.

खरा हेल्पलाइन नंबर तुमच्या बिलावर किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधे असते. आजच एका कागदावर तो नंबर, तुमचा ग्राहक क्रमांक, राउटरचं युजरनेम-पासवर्ड, वायफायचा पासवर्ड आणि गावातल्या फायबरवाल्याचा नंबर लिहून आलमारीच्या दाराला आतून चिकटवा, आणि त्या कागदाचा आणि राउटरच्या लाइटांचा फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा, कारण नेट बंद पडते तेव्हा तुम्ही नेमके वावरात असता आणि घरी आई एकटी असते.